ख्रिसमसची डेडलाइन

हातात पैसे नाहीत, घरी पाचवं बाळ येऊ घातलंय आणि ख्रिसमस दोन-अडीच महिन्यांवर आलाय. तुम्ही काय केलं असतं? चार्ल्स डिकन्सनं पुस्तक लिहायला घेतलं. साल १८४३, शहर लंडन, वय ३१.

तोवर ‘ऑलिव्हर ट्विस्ट’मुळे तो स्टार झाला होता. पण चालू असलेली नवी कादंबरी खपत नव्हती आणि प्रकाशकांनी महिन्याच्या मानधनातून ५० पौंड कापायची भाषा सुरू केली होती. डिकन्सला त्याची धास्ती का वाटावी, हे कळायला थोडं मागे जावं लागेल. त्याचे वडील नौदलाच्या पगार कचेरीत कारकून होते. कर्ज फेडता आलं नाही म्हणून १८२४ मध्ये त्यांना तुरुंगात टाकलं. बारा वर्षांचा चार्ल्स बूटपॉलिशच्या कारखान्यात डब्यांवर लेबलं चिकटवायला लागला. आठवड्याला सहा शिलिंग. आई आणि धाकटी भावंडं वडिलांबरोबर तुरुंगातच राहायला गेली आणि हा एकटा बाहेर, भाड्याच्या खोलीत. पुढे वडील सुटले, तरी आईला वाटत होतं की पोरानं काम चालू ठेवावं. हे त्याला आयुष्यभर लागून राहिलं. कारखान्याची गोष्ट त्यानं लोकांपासून लपवली. ती जगाला कळली ती तो गेल्यावर, मित्रानं लिहिलेल्या चरित्रातून.

१८४३ च्या सप्टेंबरमध्ये तो लंडनमधल्या गरीब मुलांची एक शाळा बघून आला. बालमजुरांवरचा सरकारी अहवालही त्यानं वाचला होता. आधी त्याला एक पत्रक काढायचं होतं, पण मग वाटलं, गोष्टच जास्त जोरात लागेल. ऑक्टोबरमध्ये सुरुवात, डिसेंबरच्या आरंभी शेवट. जेमतेम सहा आठवडे! रात्री तो लंडनच्या रस्त्यांवर पंधरा-वीस मैल चालायचा आणि कथा डोक्यात जुळवायचा. (सबमिशनच्या आदल्या रात्री जागणाऱ्यांनी नोंद घ्यावी, चालणंही चालतं.)

‘अ ख्रिसमस कॅरोल’मधला कंजूष स्क्रूज सगळ्यांना माहीत असतो. मला विचाराल तर खरी मजा त्याच्या कारकुनाच्या, बॉब क्रॅचिटच्या घरी आहे. सणाची तयारी शिकायची तर तिथे. बॉबच्या बायकोचा झगा दोनदा उसवून, कापड उलटून पुन्हा शिवलेला. त्यावर तिनं स्वस्तातल्या रिबिनी लावल्यात. थोरला मुलगा बापाची कॉलर लावून ऐटीत. घरात ओव्हन नाही, म्हणून हंस भाजायला बेकरीत दिलाय. तेव्हा लंडनमधले गरीब लोक असंच करायचे. आपल्याकडे दिवाळीत नानकटाईचं पीठ घेऊन बेकरीत रांग लागायची, आजीला विचारून बघा. आणि पुडिंग? ते फडक्यात बांधून कपडे उकळायच्या हंड्यात शिजवलेलं. त्यामुळे घरभर धुण्याच्या दिवसाचा वास. अख्ख्या कुटुंबाला ते पुडिंग खरं तर लहानच, पण तसं कुणी म्हणत नाही. हे लिहायला गरिबी आतून बघितलेली असावी लागते.

पुस्तक मात्र एकदम श्रीमंती थाटाचं हवं, हा डिकन्सचा हट्ट. सोनेरी कडा, हातानं रंगवलेली चित्रं. आतल्या हिरव्या कागदाचा रंग हाताला लागतोय म्हटल्यावर तोही बदलून पिवळा केला. किंमत फक्त पाच शिलिंग. १९ डिसेंबरला पुस्तक बाजारात आलं आणि ख्रिसमसच्या आदल्या दिवसापर्यंत ६,००० प्रती संपल्या. पण त्याला हजार पौंडांची आशा होती, हातात आले २३० च्या आसपास. बाकी छपाईनं खाल्ले. वर लगेच पायरेटेड आवृत्ती निघाली. तो कोर्टात गेला, जिंकलाही, पण समोरच्यानं दिवाळं काढलं आणि कोर्टखर्चाचे सुमारे ७०० पौंड याच्याच गळ्यात!

तरी सणाला हात आखडायचा नाही. मुलांना खेळण्यांच्या दुकानात न्यायचं, पार्टीत जादूचे प्रयोग करायचे. मुलींनी त्याला पोल्का नाच शिकवला, तर स्टेप्स विसरू नयेत म्हणून पठ्ठ्या मध्यरात्री उठून थंडीत प्रॅक्टिस करत होता. पुढे त्याच्या साप्ताहिकांचे ख्रिसमस विशेषांक निघू लागले. आपल्याकडे ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक आला १९०९ मध्ये, त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट.

पण या घरातली एक बाजू कॅरोलमध्ये बसत नाही. कॅथरीननं दहा मुलांना जन्म दिला, टोपणनावानं घरगुती जेवणाच्या बेतांचं पुस्तकही काढलं. १८५८ मध्ये डिकन्स तिच्यापासून वेगळा झाला. घर सोडलं तिनं. बहुतेक मुलं त्याच्याकडेच राहिली. घरातल्या सणाचं इतकं लोभस चित्र काढणाऱ्या माणसानं हे केलं, आणि मला ते अजून पचत नाही.

कॅरोलचं जाहीर वाचन त्यानं १८५३ च्या ख्रिसमसमध्ये बर्मिंगहॅमला सुरू केलं. त्यातला एक प्रयोग खास कामगारांसाठी, स्वस्त तिकिटात. पुढची वर्षं तो गावोगाव वाचत फिरला, तब्येत ढासळली तरी थांबेना. १५ मार्च १८७० ला लंडनमध्ये शेवटचं वाचन झालं, तेव्हाही त्यानं कॅरोल निवडलं होतं. ९ जूनला तो गेला, वयाच्या ५८ व्या वर्षी.