सायकलवाले लक्ष्मणराव आणि आमचा चेनसेट

माझं शिक्षण कॉन्व्हेंटचं. मराठी लिहिताना ऱ्हस्व-दीर्घाचा घोळ होतो, तो पोटात घालावा. पण हा लेख मला मराठीतच लिहायचा होता, कारण ज्या माणसाबद्दल लिहितेय त्याच्यापर्यंत मी पोचले ती बाबांच्या गाडीच्या चेनमुळे.

आमचं गाव वाशिम तालुक्यातलं. घरी सोयाबीन, तूर आणि एक १०० सीसीची मोटरसायकल. सेकंड इयरच्या उन्हाळी सुट्टीत तिची चेन वाजायला लागली. पोरगी मेकॅनिकलला आहे म्हणून बाबांनी पाने माझ्याच हातात दिले. वाशिमच्या मिस्त्रीकाकांनी पूर्ण सेट बदलायला सांगितलं होतं, म्हणजे चेन, पुढचं छोटं स्प्रॉकेट आणि मागचं मोठं. मी शहाणपणा केला. फक्त चेन नवीन टाकली आणि उरलेले पैसे वाचवल्याच्या आनंदात कॉलेजला परत आले.

दिवाळीच्या तोंडावर आई मागे बसलेली असताना चढावर चेन उतरली आणि मागचं चाक अडकलं. दोघंही पडले. आईचं मनगट सहा आठवडे प्लास्टरमध्ये होतं. चेन ड्राइव्हवरचा प्रश्न मी परीक्षेत पूर्ण सोडवला होता, हे त्या दिवाळीत कुणालाच सांगितलं नाही.

चूक अगदी साधी होती. नव्या चेनच्या दोन पिनांमधलं अंतर, म्हणजे पिच, १२.७ मिलिमीटर असतं. जुनी चेन झिजून लांबते आणि स्प्रॉकेटचे दातेही तिच्यासोबत झिजून आकड्यासारखे वाकतात. अशा दात्यांवर नवी चेन नीट बसत नाही. सगळा भार दोन-चार दात्यांवर येतो आणि नवी चेनसुद्धा थोड्याच दिवसांत जुनी होते.

सुट्टीत मी मिस्त्रीकाकांच्या दुकानात बसून पूर्ण सेट बदलायला शिकले. पुढच्या स्प्रॉकेटचे बोल्ट चेन काढायच्या आधी, मागचा ब्रेक दाबून ढिले करायचे. चेनलॉकच्या क्लिपचं बंद तोंड चेन फिरते त्या दिशेला ठेवायचं. ॲडजस्टरच्या खुणा दोन्ही बाजूंना सारख्या हव्यात. काकांची सुरुवात सायकलच्या दुकानातून झालेली. सायकलच्या चेनचं पिचही तेवढंच, अर्धा इंच, हे त्यांनीच दाखवलं. आणि बोलता बोलता म्हणाले की तुझ्या आजोबांकडे ज्यांच्या नावाचा नांगर होता, ते किर्लोस्करही मूळचे सायकलवालेच. मला खरं वाटेना. हॉस्टेलला आल्यावर लायब्ररीत शोधलं, तर खरं निघालं.

लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्करांचा जन्म २० जून १८६९ चा, बेळगावजवळच्या गुर्लहोसूरचा. शाळेच्या अभ्यासात त्यांचं मन रमत नसे. जीव होता चित्रांत आणि यंत्रांत. चित्रकार व्हायला ते १८८५ मध्ये मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. तिथे कळलं की त्यांना काही रंगांतला फरक ओळखता येत नाही. रंग गेले, रेषा उरली. त्यांनी मेकॅनिकल ड्रॉइंग शिकून घेतलं आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, तोच विषय शिकवायला लागले.

साखळीने मागचं चाक फिरवणारी सायकल इंग्लंडमध्ये नुकतीच, १८८५ च्या सुमारास, चालू झाली होती. आपल्याकडे सायकल ही बघायला गर्दी जमावी अशी वस्तू. लक्ष्मणरावांनी तिच्यात धंदा पाहिला. १८८८ मध्ये भाऊ रामुअण्णांसोबत त्यांनी बेळगावला सायकलचं दुकान काढलं, नाव किर्लोस्कर ब्रदर्स. हे मुंबईहून सायकली पाठवायचे, रामुअण्णा त्या विकायचे आणि गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवायचे.

पुढे संस्थेत हक्काची बढती डावलून एका अँग्लो-इंडियन माणसाला दिली गेली. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि बेळगाव गाठलं. आता दुसऱ्याचं यंत्र विकण्यात त्यांना समाधान नव्हतं. आधी कडबा कापायचं यंत्र केलं आणि मग लोखंडी नांगर.

नांगर चांगला होता, पण तो कुणी घेईना. लोखंडाने जमिनीत विष उतरतं, असा शेतकऱ्यांचा समज होता. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षं लागली. हे वाचताना मला माझी चेन आठवली. नवा नांगर जुन्या समजुतीवर बसत नव्हता. फरक एवढाच की मी मिस्त्रीचं ऐकलं नव्हतं, आणि लक्ष्मणरावांनी शेतकऱ्याला अडाणी ठरवून विषय संपवला नाही. ते नांगर सुधारत राहिले आणि विश्वास बसेपर्यंत थांबले.

धंदा जरा रुळावर येतोय तोच बेळगावची जागा सोडावी लागली. वय चाळिशीचं, हातात फारसा पैसा नाही. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी १०,००० रुपये कर्जाऊ दिले आणि कुंडल रोड स्टेशनजवळ ३२ एकर जागा दिली. जागा म्हणजे निवडुंग आणि साप. १९१० मध्ये पंचवीसेक कामगार आणि त्यांची कुटुंबं घेऊन लक्ष्मणराव तिथे राहायला गेले. आज सांगली जिल्ह्यात असलेली किर्लोस्करवाडी ती हीच.

मला सगळ्यात जास्त आवडलं ते पुढचं. त्यांनी नुसता कारखाना टाकला नाही, वस्ती वसवली. तुरुंगातून सुटून आलेल्या माणसांना रात्रीच्या पहाऱ्याचं काम दिलं. वाडीत अस्पृश्यता पाळू दिली नाही. १९२० मध्ये तिथूनच किर्लोस्कर खबर हे मासिक निघालं, जे पुढे घराघरात किर्लोस्कर म्हणून वाचलं गेलं. मुलगा शंतनुराव अमेरिकेत एमआयटीला इंजिनिअरिंग शिकून आला आणि त्याने उद्योग कितीतरी वाढवला. यंत्र बदलायचं तर ते चालवणारा माणूस आणि त्याची वस्ती यांचाही विचार सोबतच करावा लागतो, हे लक्ष्मणरावांनी करून दाखवलं. आमच्या मिस्त्रीकाकांच्या भाषेत, त्यांनी पूर्ण सेट बदलला.

२६ सप्टेंबर १९५६ ला ते गेले. १९६९ मध्ये, जन्मशताब्दीला, टपाल खात्याने त्यांचं तिकीट काढलं. त्यांच्याकडे इंजिनिअरिंगची डिग्री नव्हती. आपल्याकडे ती असेल. पण पाना हातात घेतल्यावर आधी मिस्त्रीचं ऐकायचं असतं, हे कुठल्याच सिलॅबसमध्ये नाही.

आईचं मनगट आता बरं आहे. ती पुन्हा गाडीवर मागे बसते, आणि बसण्याआधी एकदा चेनकडे बघते. काही बोलत नाही. मलाच कळतं.

हॉस्टेलच्या पार्किंगमध्ये चार-पाच गाड्यांची चेन वाजतेय, रोज ऐकते. एकदा खाली वाकून मागच्या स्प्रॉकेटचे दाते बघा. वाकलेले असतील तर नुसती चेन आणू नका. पाने माझ्याकडे आहेत, रविवारी सकाळी मी पार्किंगमध्येच असते.