तीर्थरक्षक विधिज्ञ : स्व. वीरचंद राघवजी गांधी

परभणी जिल्ह्यातील श्रावक-श्राविका सम्मेदशिखरजीची वंदना मोठ्या श्रद्धेने करून येतात. त्या पर्वताचे पावित्र्य एके काळी न्यायालयात सिद्ध करावे लागले होते, हे नव्या पिढीस फारसे ठाऊक नाही. त्या कामी झटणारे स्व. वीरचंद राघवजी गांधी हे १८९३ च्या शिकागो सर्वधर्म परिषदेतील जैन प्रतिनिधी म्हणून सर्वपरिचित आहेत. त्यांच्या कायद्याच्या कार्याकडे मात्र आपले लक्ष कमीच गेले आहे.

त्यांचा जन्म २५ ऑगस्ट १८६४ रोजी सौराष्ट्रातील महुवा येथे झाला. मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयातून १८८४ मध्ये ते बी.ए. झाले आणि ऐन एकविशीत भारतीय जैन असोसिएशनचे मंत्री झाले.

त्या वेळी पालीताणा संस्थानाने शत्रुंजयाच्या प्रत्येक यात्रेकरूवर २ रुपये कर बसविला होता. वीरचंदजींनी मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे आणि काठेवाडचे पोलिटिकल एजंट कर्नल वॉटसन यांच्यापुढे समाजाची बाजू मांडली. १८८६ मध्ये करार झाला : वर्षाला एकरकमी १५,००० रुपये, मुदत ४० वर्षे. यात्रेकरूंची डोकी मोजणे थांबले. या कराराचे मोल नंतर कळले. १९२६ मध्ये मुदत संपताच वाद पुन्हा उफाळला, समाजाने यात्राच बंद ठेवली आणि १९२८ मध्ये ६०,००० रुपयांवर तडजोड झाली!

शिखरजीचा प्रसंग याहून बिकट होता. १८९१ च्या सुमारास बोडम नावाच्या इंग्रजाने पर्वतावर डुकरांच्या चरबीचा कारखाना काढला. एका बाजूस व्यापाराचा हक्क, दुसऱ्या बाजूस तीर्थाचे पावित्र्य. नुसत्या संतापाने खटला जिंकता येत नाही. लेखी पुरावा लागतो. जुने दस्तऐवज बंगालीत होते. वीरचंदजी कलकत्त्यास सुमारे सहा महिने राहिले, बंगाली शिकले आणि ते कागद त्यांनी स्वतः वाचून काढले. अखेर कारखाना बंद झाला. ते स्वतः श्वेतांबर परंपरेतील. शिखरजी मात्र उभय परंपरांचे तीर्थ असल्याने या यशाचे ऋण आपणा सर्वांवर आहे.

मुंबईत ते सॉलिसिटरच्या परीक्षेचा अभ्यास करीत असता, नुकतेच बॅरिस्टर होऊन परतलेले मोहनदास गांधी त्यांच्या सहवासात आले. फिरोजशहा मेहतांना पुराव्याचा कायदा कसा मुखोद्गत आहे, हे ते या तरुण मित्रास सांगत. महात्माजींनी आत्मकथेत त्याची नोंद केली आहे.

पुढे दुष्काळात त्यांनी अमेरिकेतून जहाजभर मका हिंदुस्थानात पाठविला. १८९९ मध्ये ते तेथील आंतरराष्ट्रीय वाणिज्य परिषदेतही सहभागी झाले. इंग्लंडमध्ये त्यांनी बॅरिस्टरीचा अभ्यास केला. परंतु त्या विद्येवर धन जोडण्याइतके आयुष्य त्यांना लाभले नाही. ७ ऑगस्ट १९०१ रोजी मुंबईत त्यांचे देहावसान झाले. सदतिसावे वर्षही पुरे झाले नव्हते. भारतीय टपाल खात्याने २००२ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.