नाना शंकरशेट आणि मुंबईची फळबाग

फणसवाडी, केळेवाडी, आंबेवाडी ही गिरगावातील नावे आज पत्त्यापुरतीच उरली आहेत. कोकणात वाडी म्हणजे बाग. गिरगावच्या वाड्यांनाही ही नावे मिळाली ती तेथील झाडांवरून. पुढे या वाड्यांत माणसांची दाटी झाली आणि झाडे गेली. हा बदल सुरू होत असताना ज्यांच्या शब्दाला मुंबईत सर्वाधिक वजन होते, ते नाना ऊर्फ जगन्नाथ शंकरशेट याच गिरगावचे. शिक्षण, रेल्वे आणि राजकारण या क्षेत्रांतील त्यांची कामगिरी सर्वश्रुत आहे. शहराच्या बागांशी असलेले त्यांचे नाते मात्र काहीसे विस्मरणात गेले आहे.

नानांचा जन्म १० फेब्रुवारी १८०३ रोजी दैवज्ञ ब्राह्मण समाजातील मुरकुटे घराण्यात झाला. १८२२ मध्ये वडिलांचे निधन झाले आणि ऐन विशीत मोठ्या व्यापाराची धुरा त्यांच्या खांद्यावर आली. पैसा त्यांनी पुढेही मिळविला, पण लक्ष लोककार्याकडे वळविले. मुलींच्या शिक्षणास कडाडून विरोध होत असतानाच्या त्या काळात, १८४८ मध्ये स्थापन झालेल्या स्टूडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटीच्या मुलींच्या शाळेला त्यांनी आपल्या वाड्याच्या आवारात जागा दिली. १८५२ मध्ये बॉम्बे असोसिएशन स्थापन करण्यातही ते अग्रभागी होते.

पश्चिम हिंदुस्थानच्या ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटीचे अध्यक्षपदही नानांनी भूषविले. उपयुक्त झाडे आणि पिके या भागात आणून रुजविणे, हा या संस्थेचा उद्देश. शिवडी येथे तिची बाग होती. संस्थेत इंग्रज अंमलदारांचा भरणा होता आणि त्यांच्या मायदेशी फळबाग म्हणजे भिंतींची बाग. इंग्लंड-फ्रान्सच्या थंड हवेत पीच, जर्दाळू, अंजीर आणि द्राक्षे दक्षिणाभिमुख उंच भिंतींना लगटून वाढवीत. फांद्या हातपंख्याप्रमाणे पसरून भिंतीला बांधीत. वीट किंवा दगड दिवसभर ऊन शोषून घेई आणि रात्री ती ऊब हळूहळू झाडाला परत देई. त्यामुळे मोहोर हिमाच्या तडाख्यातून वाचे आणि फळ लवकर पिके. व्हर्सायच्या राजवाड्याजवळ चौदाव्या लुईसाठी सतराव्या शतकात अशीच बाग उभारण्यात आली. पॅरिसजवळचे माँत्रय हे गाव तर भिंतीवरच्या पीचसाठीच नावाजले. इंग्लंडमध्ये काही ठिकाणी पोकळ भिंती बांधून आत धूर खेळवीत व त्या तापवीत.

मुंबईत या विद्येचा काय उपयोग? येथे उबेची वाण नव्हती. वाण होती थंडीची. पीच, जर्दाळूसारख्या झाडांना कळ्या नीट उमलण्यासाठी काही आठवडे थंडी सोसावी लागते आणि ती कोणतीही भिंत देऊ शकत नाही. त्यात चार महिन्यांचा पाऊस आणि बारमाही दमट हवा. मुंबईला वेगवेगळ्या हवामानांतील फळे हवी असतील, तर त्याचा मार्ग वेगळाच होता.

तो मार्ग नानांच्याच दुसऱ्या कामातून खुला झाला. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेच्या उभारणीत ते प्रथमपासून होते. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर-ठाणे गाडी धावली. १८६३ मध्ये बोरघाट आणि १८६५ मध्ये थळघाट रुळांनी जोडला गेला. सह्याद्री ही मुंबईची खरी भिंत; तिच्या अलीकडे आंबा-फणस, पलीकडे द्राक्ष-अंजीर. रेल्वेने ही भिंत ओलांडताच देशावरची फळे मुंबईच्या बाजाराच्या टप्प्यात आली. योगायोग असा, की युरोपातील फळभिंतींचा व्यवसाय उतरणीला लागला तोही रेल्वेमुळेच. उष्ण प्रदेशातील स्वस्त फळे उत्तरेच्या शहरांत पोहोचू लागल्यावर भिंतींच्या खटाटोपाची गरज उरली नाही.

फळे बाहेरून आली तरी शहराला बाग हवीच होती. सोसायटीच्या प्रयत्नांतून भायखळ्याला उभी राहिलेली व्हिक्टोरिया गार्डन्स, म्हणजेच राणीची बाग, १९ नोव्हेंबर १८६२ रोजी लेडी फ्रिअर यांच्या हस्ते खुली झाली. या कार्यात नानांसह डॉ. भाऊ दाजी लाड आणि डॉ. जॉर्ज बर्डवूड यांचा पुढाकार होता.

शिवडीच्या बागेच्या नशिबी मात्र वेगळेच होते. गिरगावलगतची सोनापूरची हिंदू स्मशानभूमी शिवडीला हलविण्याचा घाट नानांनी पूर्वीच हाणून पाडला होता. पण १८६५ मध्ये सोसायटीची शिवडीची जागा युरोपियनांच्या दफनभूमीसाठी घेण्यात आली. त्याच वर्षी ३१ जुलै रोजी नानांनी जगाचा निरोप घेतला.

१८७३ मध्ये राणीची बाग नगरपालिकेकडे गेली. आज ती वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान म्हणून उभी आहे. गिरगावच्या वाड्या खासगी होत्या. जागेचे मोल वाढताच त्यांतील झाडे गेली. शिवडीची बाग संस्थेची होती, तीही गेली. टिकली ती सर्वांसाठी खुली झालेली बाग. मोकळ्या जागेच्या प्रत्येक तुकड्यासाठी झगडणाऱ्या मुंबईकराने नानांच्या चरित्रातून घ्यावा असा हा धडा आहे.