हायरम पर्सी मॅक्सिम : बंदुकीच्या आवाजाला लगाम घालणारे इंजिनिअर



सायलेन्सर हा शब्द आपल्या मुलांना चांगलाच ठाऊक आहे. पालीच्या बाजारपेठेतून एखादी बुलेट फटफटत गेली की कुणीतरी लगेच सांगतं, याने सायलेन्सर बदललाय. दुसरा सायलेन्सर त्यांनी सिनेमात बघितलेला असतो. बंदुकीच्या नळीला नळकांडं लावलं, चाप ओढला, नुसतं फुस्स झालं आणि शेजारच्या खोलीतल्या माणसाला पत्ताही लागला नाही. यातलं खरं किती? विज्ञानाच्या तासाला मुलं हे हमखास विचारतात. उत्तर द्यायचं तर ज्यांनी हे साधन पहिल्यांदा यशस्वीपणे बाजारात आणलं, त्या हायरम पर्सी मॅक्सिम यांचं चरित्रच सांगायला हवं. चला तर मग.

जन्म आणि घर

पर्सी यांचा जन्म २ सप्टेंबर १८६९ रोजी अमेरिकेत, न्यूयॉर्कजवळच्या ब्रुकलिन इथे झाला. आई जेन आणि वडील हायरम स्टीव्हन्स मॅक्सिम. वडील मोठे संशोधक, पण घरात थोडेच टिकणारे. १८८१ मध्ये ते कामासाठी युरोपला गेले आणि पुढे लंडनलाच स्थायिक झाले. मुलं आईजवळ अमेरिकेत वाढली. लंडनमध्ये १८८४ च्या सुमारास वडिलांनी जी बंदूक बनवली, तिने जगाचा इतिहास बदलला. एका गोळीच्या धक्क्यातून पुढची गोळी आपोआप भरणारी आणि मिनिटाला सुमारे ६०० गोळ्या झाडणारी ही मॅक्सिम गन. आफ्रिकेत आणि हिंदुस्थानच्या वायव्य सरहद्दीवर इंग्रजांनी ती वापरली. बंदुकांच्या सततच्या आवाजाने वडिलांचे कान मात्र गेले. उतारवयात त्यांना जवळजवळ ऐकूच येईनासं झालं.

शिक्षण आणि पहिली कामं

पर्सी अभ्यासात हुशार. १८८६ मध्ये, वयाची सतरा वर्षं पूर्ण होण्याआधीच, त्यांनी मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचा यंत्रविषयक अभ्यासक्रम पूर्ण केला. पुढे लिन गावच्या तोफगोळ्यांच्या कारखान्यात नोकरी करता करता, फावल्या वेळात त्यांनी तीनचाकी सायकलीला पेट्रोल इंजिन जोडायची खटपट चालवली. रस्त्यावर मोटारी दिसत नव्हत्या, त्या काळातली ही गोष्ट. १८९५ मध्ये ते हार्टफर्ड शहरातल्या पोप कंपनीत मोटारी बनवायला गेले. १८९८ मध्ये जोसेफीन हॅमिल्टन यांच्याशी त्यांचं लग्न झालं.

सायलेन्सरची कल्पना

टबातलं पाणी मोरीच्या भोकातून जाताना भोवरा करतं आणि गोल गोल फिरत सावकाश उतरतं, हे आपण रोज बघतो. पर्सींना यातूनच युक्ती सुचली असं सांगतात. बंदुकीतून बाहेर पडणारा वायूही असाच फिरवत ठेवला, तर तो एकदम सुटणार नाही.

इथे थोडं विज्ञान पाहूया. बंदुकीचा आवाज मुख्यतः तीन ठिकाणांहून येतो.

१. दारू जळून तयार झालेला, प्रचंड दाबाखालचा गरम वायू नळीच्या तोंडातून एकदम सुटतो. फुगा फुटावा तसा, पण कितीतरी पटींनी मोठा.

२. गोळी आवाजापेक्षा वेगाने जात असेल, तर ती हवेत चाबकासारखा कडाका काढत जाते. हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर असतो.

३. बंदुकीच्या हलणाऱ्या भागांची खटखट.

सायलेन्सर फक्त पहिल्या आवाजावर काम करतो. त्याच्या पोटात पडदे आणि कप्पे असतात. गोळी मधल्या भोकातून सरळ निघून जाते. वायू मात्र कप्प्याकप्प्यांत अडकतो, पसरतो, थोडा थंड होतो आणि हळूहळू बाहेर येतो. ३० मार्च १९०९ रोजी पर्सींना याचं पेटंट मिळालं. त्यांच्या कंपनीचा माल टपालानेही विकला जाई. पुढच्या वर्षीच्या नमुन्यात त्यांनी गोळीचं भोक मधोमध न ठेवता वरच्या कडेला सरकवलं. त्यामुळे नळकांड्याचा बराचसा भाग नळीच्या खाली राहिला आणि नेम धरताना माशी झाकली जाईना. गिऱ्हाइकाची अडचण ओळखून केलेला हा साधासा बदल.

राष्ट्राध्यक्ष राहिलेले थिओडोर रूझवेल्ट यांच्या विंचेस्टर रायफललाही मॅक्सिमचा सायलेन्सर होता. सकाळी अंगणातल्या उपद्रवी प्राण्यांवर गोळी झाडताना शेजाऱ्यांची झोपमोड होऊ नये म्हणून ते तो वापरत, असं सांगतात.

निवडताना काय बघतात?

उपद्रवी प्राण्यांसाठीची रायफल हा प्रकार अमेरिकेत आजही आहे. कुरणात बिळं करणारे छोटे प्राणी आणि कोल्ह्याच्या जातीचा कायोटी यांच्यासाठी ती खास बनवून घेतात. गोळी ०.२२ इंचाच्या आसपास बारीक, पण वेग सेकंदाला १००० मीटरच्याही वर. अशा रायफलसाठी सायलेन्सर घेताना जाणकार आधी दोन गोष्टी बघतात. त्याचं भोक गोळीपेक्षा पुरेसं मोठं असावं आणि तो नळीशी अगदी सरळ रेषेत बसावा. नाहीतर गोळी आतल्या पडद्याला धडकते. मग तडजोडी सुरू होतात. नळकांडं मोठं तर आवाज कमी, पण रायफल तोंडाकडे जड. टायटॅनियम हलकं पण महाग, स्टील जड पण दणकट. लागोपाठ गोळ्या झाडल्या की नळकांडं तापतं, त्यावरची हवा थरथरते आणि दुर्बिणीत मृगजळासारखं दिसून नेम चुकतो.

एवढं सगळं जमवूनही गोळीचा कडाका तसाच राहतो, कारण ती ध्वनीच्या तिप्पट वेगाने जात असते. रायफलचा आवाज सुमारे १६५ डेसिबल धरा. चांगला सायलेन्सर त्यातले ३० कमी करतो. डेसिबलमध्ये दर १० ला ऊर्जा दहापट बदलते, म्हणजे ३० कमी झाले की ऊर्जा हजारावा भाग उरते. तरीही उरतात १३५! आपल्याकडे फटाक्याला ४ मीटर अंतरावर १२५ डेसिबलची मर्यादा आहे. मोजण्याचं अंतर वेगळं असलं, तरी अंदाज येतो. म्हणजे सिनेमातलं फुस्स खोटं. पण क्षणिक आवाज १४० च्या वर गेला की कानाला कायमची इजा होऊ शकते. त्या रेषेच्या खाली यायला हे साधन मदत करतं. म्हणूनच नॉर्वे, फिनलंड, न्यूझीलंडमध्ये शिकारी ते सर्रास वापरतात आणि वर कानात बोळेही घालतात.

आपल्याकडे काय?

भारतात शस्त्रविषयक नियमांनी बंदुकीचा आवाज दाबणारं साधन प्रतिबंधित गटात ठेवलं आहे. १९७२ च्या वन्यजीव कायद्यामुळे शिकारही बंद आहे. रानडुकराचा कितीही त्रास झाला, तरी वनखात्याच्या परवानगीशिवाय त्याला मारता येत नाही. कोकणात शेतीसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचे परवाने आहेत, पण आपला शेतकरी मुळात आवाजावरच भिस्त ठेवतो. भातात डुकरं शिरू नयेत म्हणून तो रात्री डबे वडवतो, फटाके लावतो, आरोळ्या देतो. जनावर पळवून लावायचं तर आवाज हेच त्याचं हत्यार. तिथे सायलेन्सर काय कामाचा? गरज वेगळी की साधन वेगळं, हे मुलांना यातून छान समजावता येतं.

पुढचं आयुष्य

पर्सी एका शोधावर थांबले नाहीत. १९१४ मध्ये हार्टफर्डहून सुमारे ४० किलोमीटरवरच्या स्प्रिंगफील्डला त्यांचा बिनतारी संदेश पोचेना. मग वाटेतल्या गावच्या एका हौशी माणसाने तो पुढे धाडला. यावरून त्यांना सुचलं की हौशी लोकांची अशी साखळीच का करू नये? त्याच वर्षी क्लॅरेन्स टस्का यांच्यासह त्यांनी अमेरिकन रेडिओ रिले लीग स्थापन केली. ती संस्था आजही चालू आहे.

इकडे बंदुकीच्या सायलेन्सरबद्दल लोकांच्या मनात गुन्हेगारीची भीती वाढत गेली. त्यांच्या कंपनीने हळूहळू ते काम सोडून इंजिनांचा आणि कारखान्यांतल्या यंत्रांचा आवाज कमी करणारी साधनं बनवायला घेतली. तत्त्व तेच, वायूला सावकाश सोडायचं. १९३४ मध्ये अमेरिकेने बंदुकीच्या सायलेन्सरवर २०० डॉलरचा कर बसवला. त्याच कायद्यात मशीनगनवरही तेवढाच कर होता. वडिलांचा शोध आणि मुलाचा शोध एकाच कायद्यात आले.

१७ फेब्रुवारी १९३६ रोजी, रेल्वेप्रवासात आजारी पडून, कोलोरॅडोतल्या ला हुंटा गावी पर्सी यांचं निधन झालं. वडिलांच्या आठवणींचं त्यांचं पुस्तक त्याच वर्षी निघालं.

वर्गात काय घ्याल?

दोन फुगे घ्या. एकाला तशीच टाचणी टोचा, फट्ट! दुसऱ्यावर चिकटपट्टी लावून त्या पट्टीतूनच टोचा. फुगा न फुटता हळूहळू रिकामा होईल. वायू तोच, फक्त बाहेर पडायला लागलेला वेळ निराळा. मोठ्या मुलांना डेसिबलचं गणित द्या.

मग पुन्हा बुलेटकडे या. शाळेभोवतीचा १०० मीटरचा परिसर शासनाने शांतता क्षेत्र म्हणून जाहीर केला असेल, तर तिथे दिवसाची मर्यादा ५० डेसिबल. आतली जाळी काढलेली मोटारसायकल तिथून जाते, तेव्हा कानांवर काय परिणाम होतो? मुलांनाच शोधायला सांगा. पालकहो, घरी गाडी असेल तर तिचा सायलेन्सर मुलांसोबत एकदा बघा. कानातल्या ज्या नाजूक पेशींमुळे ऐकू येतं, त्या एकदा गेल्या की परत येत नाहीत. मॅक्सिम पितापुत्रांची गोष्ट मुलांना सांगताना हे मात्र नक्की सांगा.