असन्निधानातील आधार : श्रीनागदेवाचार्य

सेलू परिसरातून वाहणारी दुधना पूर्णेस मिळते आणि पूर्णा गोदावरीस. तेराव्या शतकात हा सर्व प्रदेश देवगिरीच्या यादवांच्या सत्तेखाली होता. गोदातीरापासून वऱ्हाडातील ऋद्धिपुरापर्यंतच्या याच भूमीत श्रीनागदेवाचार्यांच्या, अर्थात भटोबासांच्या, निष्ठेची कसोटी लागली.

इ. स. १२७४ च्या सुमारास सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींनी उत्तरापंथे प्रयाण केले. सन्निधानाचे सुख भोगलेल्या भक्तांवर असन्निधानाचा डोंगर कोसळला. भटोबासांची अवस्था तर देहभान हरपल्यासारखी झाली. भोवतीची परिस्थितीही अनुकूल नव्हती. राजसत्ता व धर्मशास्त्र यांचे अधिकारी विरोधात होते. मार्गाजवळ मठ नव्हता, द्रव्य नव्हते, राजाश्रयही नव्हता. हाती उरली होती ती केवळ स्वामींची आज्ञा : ऋद्धिपुरी श्रीगोविंदप्रभूंच्या सेवेत राहावे.

ईश्वरवचनाचे मर्म येथेच प्रकट होते. संकट टळेल, असे अभिवचन स्वामींनी दिलेले नव्हते. आज्ञेप्रमाणे आजन्म अनुसरण करणाऱ्या जीवाचा ईश्वर अव्हेर करीत नाही, एवढाच भरवसा होता. भटोबासांनी तो पुरेसा मानला. चमत्काराची वाट पाहत ते बसले नाहीत; शोक आवरून ऋद्धिपुरास आले आणि श्रीप्रभूंच्या सेवेत राहिले. चुलत भगिनी महदाइसा, म्हाइंभट आदी भक्तजनही तेथे एकत्र आले.

सराळ्याचे म्हाइंभट विद्वान होते. स्वामींच्या लीळांचे भटोबास करीत असलेले स्मरण पाहून त्या लिहून ठेवण्याची प्रेरणा त्यांना झाली. प्रत्यक्ष साक्षीदारांना गाठून त्यांनी एकेक लीळा मिळविली आणि भटोबासांकडून ती पारखून घेतली. ऋद्धिपुरी वाजेश्वरीस हे कार्य सिद्धीस गेले. अशा रीतीने विरहाचे दुःखच लीळाचरित्राचे कारण ठरले.

पुढे श्रीगोविंदप्रभूंचेही सन्निधान अंतरले. दुसऱ्यांदा पोरके झालेल्या मार्गाचे आचार्यपद भटोबासांकडे आले. स्वामींनी आखून दिलेला आचार सोपा नव्हता. स्वदेशाचा व स्वजनांचा संबंध त्यागावा, भिक्षान्नावर राहावे, हिंसा करू नये, नित्य स्मरणात असावे, असा तो आचार. अनुयायी वाढविण्यासाठी त्यात सवलत देण्याचा मोह कोणाही पुढाऱ्यास झाला असता. भटोबासांनी तसे केले नाही; तरीही शेकडो साधक त्यांच्या भोवती जमले.

केशिराजबासांसारखा संस्कृतज्ञ पंडित शास्त्र संस्कृतात आणावयास सिद्ध होता. तसे झाले असते तर विद्वत्सभेत पंथाचा मान वाढला असता. परंतु स्वामींनी मराठीतून निरूपण केले होते. संस्कृताने आपल्या म्हाताऱ्या भोळ्या बायाबापड्या त्या ज्ञानास मुकतील, म्हणून भटोबासांनी त्यांना निवारले. लोकमान्यतेपेक्षा त्यांना वचनाचे अधिकारी जीव मोठे वाटले.

इ. स. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजीने देवगिरीवर स्वारी केली. बलाढ्य दुर्गाचा स्वामी रामदेवराय यास अपार खंडणी द्यावी लागली, आणि पुढील दोन दशकांत यादवांचे राज्यच लयास गेले. ज्यांच्यापाशी दुर्ग व सेना होती, त्यांची ही गत झाली. भिक्षापात्राखेरीज काही न बाळगणारा मार्ग मात्र टिकला.

भटोबासांच्या देहावसानानंतर प्रथम बाइदेवबासांनी व त्यांच्यामागून कवीश्वरबासांनी आचार्यपद सांभाळले. हेच भास्करभट्ट बोरीकर. परभणी परिसरातील बोरी या गावाशी त्यांचे नाव परंपरेने जोडले जाते. परचक्राच्या धामधुमीत लीळाचरित्राची मूळ पोथी नाहीशी झाली, असे परंपरा सांगते. तेव्हा हिराइसेसारख्या ज्यांच्या मुखी लीळा होत्या, त्यांच्या स्मरणातून तिचे पाठ पुन्हा सिद्ध झाले. पोथी गेली तरी स्मरण उरले, कारण भटोबासांनी स्मरणालाच साधकाचा नित्य आचार म्हणून जपले होते.

प्रतिकूलता ओसरल्यावर विश्वास ठेवणे कोणासही साधते. भटोबासांचा विश्वास प्रतिकूलता तशीच असताना आज्ञापालनातून दिसला. वचन पाळणे ईश्वराचे काम आणि आज्ञा पाळणे जीवाचे, हा विवेक त्यांनी कधी सुटू दिला नाही. असन्निधानात असणाऱ्या प्रत्येक अनुसरलेल्यास त्यांच्या चरित्राचा आधार वाटतो, तो याच कारणाने.