दगडांचे थर वाचणारे स्टीफन हिस्लॉप

नागपूरचं हिस्लॉप कॉलेज तुम्हांला ऐकून माहीत असेल. ज्यांच्या नावाचं ते कॉलेज आहे, ते स्टीफन हिस्लॉप १८१७ साली स्कॉटलंडमध्ये जन्मले आणि १८४५ मध्ये मिशनरी म्हणून नागपूरला आले. शाळा चालवता चालवता ते आसपासचे दगड तपासत.

१८५१ मध्ये नागपूरजवळच्या टाकळीला त्यांना गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे शंख दगडात सापडले. या थराच्या वर आणि खाली काळा खडक, म्हणजे थिजलेला लाव्हा असतो. याचा अर्थ सरळ आहे: एक लाव्हा थंड झाला, त्यावर तळं साचलं, पुढच्या लाव्हाने ते गाडलं. त्याहून जुन्या, कामठीकडच्या वालुकाश्मात ग्लॉसोप्टेरिस या नष्ट झालेल्या झाडाची पानं मिळाली. म्हणजे लाव्हाच्या कितीतरी आधी इथे रान होतं!

४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटचं उत्खनन पाहून परतताना ते नाल्याच्या पुरात बुडाले. वय अवघं ४५.

आपलं वरवट बकाल पूर्णेच्या गाळाच्या खोऱ्यात आहे. शिवारात विहीर खणत असतील तर मुलांना लांबूनच मातीचे थर दाखवा, वहीत काढून घ्या आणि विचारा: यातला सगळ्यात जुना कोणता?