शुक्र ग्रहावर 'जोशी' नावाचं विवर आहे! कोल्हापूरला रुजू होऊ न शकलेल्या डॉक्टरची गोष्ट

सूर्याच्या सगळ्यात जवळचे बुध, शुक्र, पृथ्वी आणि मंगळ हे चार ग्रह खडकाळ आहेत. म्हणजे पाय ठेवायला जमीन असलेले. (शुक्रावर पाय ठेवायचा विचारही नको, तिथे साधारण 465 अंश सेल्सिअस तापमान असतं.) याच शुक्रावर सुमारे 34 किलोमीटर रुंदीचं एक विवर आहे. नाव 'जोशी'. या जोशी म्हणजे डॉ. आनंदीबाई जोशी.

31 मार्च 1865 चा जन्म, माहेरचं नाव यमुना. नवव्या वर्षी लग्न झालं. नवरा गोपाळराव पोस्टात नोकरीला, वयाने जवळपास 20 वर्षांनी मोठे. बायकोने शिकलंच पाहिजे हा त्यांचा हट्ट आणि त्यापायी मारहाणही व्हायची. त्यांच्या कौतुकाच्या पोस्टमध्ये हे सहसा नसतं. चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला, पण उपचारांअभावी तो दहाच दिवस जगला. डॉक्टर व्हायचं त्यांनी ठरवलं ते यानंतर.

गोपाळराव कोल्हापूरला नोकरीला असताना त्यांनी मिशनऱ्यांना मदतीसाठी पत्र लिहिलं. ते अमेरिकेतल्या मासिकात छापून आलं आणि न्यू जर्सीच्या थिओडिशिया कार्पेंटर यांनी दातांच्या डॉक्टरकडे बसल्या बसल्या ते वाचलं. पुढे त्यांच्याच आधारावर, 1883 मध्ये, 18 वर्षांच्या आनंदीबाई नवऱ्याशिवाय कोलकात्याहून बोटीत बसल्या. 11 मार्च 1886 रोजी फिलाडेल्फियात त्या एमडी झाल्या.

कोल्हापूर संस्थानाने त्यांना अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या स्त्री विभागाची जबाबदारी दिली. हे हॉस्पिटल म्हणजे आजचं सीपीआर. पण त्या भारतात परतल्या त्याच क्षयाने खंगून. 26 फेब्रुवारी 1887 ला पुण्यात त्यांचं निधन झालं. बावीस पूर्ण व्हायला महिना बाकी होता. कोल्हापुरात त्यांना एकही पेशंट तपासता आला नाही.

मग शुक्रावर नाव कसं? शुक्र कायम दाट ढगांनी झाकलेला असतो, त्यामुळे 1990 पासून 'मॅगेलन' यानाने रडार वापरून त्याचा नकाशा तयार केला. तिथल्या 20 किलोमीटरपेक्षा मोठ्या विवरांना दिवंगत कर्तबगार स्त्रियांची नावं देण्याचा आंतरराष्ट्रीय नियम आहे.

आणखी एक गंमत. आनंदीबाईंच्या पदवीदान समारंभाला त्यांच्या नात्यातल्या पंडिता रमाबाई मुद्दाम फिलाडेल्फियाला गेल्या होत्या. शुक्रावर त्यांच्याही नावाचं विवर आहे, 'मेधावी'. हे त्यांच्या सासरचं आडनाव.